कसं होतं जेवण? मस्त!

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे.

मार्चमध्ये याच पानावर मी कोथरूडच्या बाजूच्या एका छोट्याशा मालवणी हॉटेलवर भरभरून लिहिलं होतं. दहा टेबलं, गल्ल्यावर स्वतः मालक काका, रवा लावून तळलेली सुरमई, गुलाबी सोलकढी... आठवतंय? नसेल आठवत तर माझ्यासाठी बरंच आहे. कारण जुलैमध्ये एका वाचकाची मेल आली. सब्जेक्टमध्ये फक्त एवढंच: ‘माझे अकराशे रुपये’. आत एकच ओळ. ‘मॅडम, तुम्ही नक्की त्याच हॉटेलात गेला होतात ना?’

त्याच हॉटेलात गेले होते हो! पण त्या मेलवर हसायचा मूड नव्हता. कारण मेल यायच्या दोनच दिवस आधी मी स्वतः तिथं दुसऱ्यांदा जेवून आले होते. आणि त्या जेवणापायी माझा आठ वर्षांचा मित्र माझ्याशी बोलेनासा झाला होता.

(यावेळी हॉटेलचं नाव लिहीत नाहीये. का, ते शेवटी कळेलच.)

तर आधी आमच्या गँगची ओळख. एक कोकण्या. वेंगुर्ल्याचा, हिंजवडीत कोड लिहितो आणि माशांच्या बाबतीत स्वतःला सुप्रीम कोर्ट समजतो. एक सीए, जो जेवणापेक्षा बिल जास्त मन लावून वाचतो. एक डाएट, जी ‘मी काही खाणार नाही’ म्हणून सगळ्यांच्या ताटातलं खाते. आणि चौथी मी. महिन्यातून दोन-तीनदा कुठंतरी जेवायला जायचं हा आमचा नियम. नोकऱ्या बदलल्या, एकाचं लग्न झालं, एकीचं मोडलं, पण हा नियम टिकला.

मार्चमध्ये आम्ही तिथं गेलो ती गुरुवारची रात्र होती. गुरुवार म्हणजे अर्धं पुणं शाकाहारी! हॉटेलात आमच्यासकट तीन टेबलं. सुरमई अशी की काटा चमच्यानं सुटावा. कोकण्यानं दोनदा भात घेतला आणि निकाल दिला, “आईच्या हातच्या नंतर हेच.” एवढं मला पुरेसं होतं. घरी आले, रात्री एक वाजेपर्यंत जागून कॉलम लिहिला.

मास कॉमला असताना आमचे सर एक गोष्ट घोटून घ्यायचे. एकाच सोर्सवर बातमी करायची नाही, किमान दोन तरी हवेत. आता सांगा, एका रात्रीच्या एका थाळीवर मी हजारो लोकांना ‘जाच!’ म्हणून सांगितलं, ते कुठल्या नियमात बसतं?

असो. जुलैमध्ये कोकण्याचे आई-बाबा पुण्याला आले. पोराचं नवं भाड्याचं घर बघायला, पहिल्यांदाच. रविवारी त्यांना कुठं न्यायचं यावर ग्रुपवर चर्चा झाली आणि मी मोठ्या ऐटीत लिहिलं, “यात विचारायचं काय? आपलं तेच!”

रविवार कुठला होता माहितीये? गटारीचा! श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार. बाहेर रस्त्यापर्यंत रांग, नाव लिहून घ्यायला वहीवाला पोरगा, पार्सल घ्यायला आलेल्या हेल्मेटवाल्यांची वेगळी गर्दी. पाऊण तासानं टेबल मिळालं. थाळ्या आल्या. सुरमईचा रवा निघून ताटात पडलेला, आत मासा कोरडा, चोथ्यासारखा. सोलकढी फाटलेली. आमटीला नारळाचा तो जरासा आंबूस वास.

आईंनी सगळं संपवलं. ताटात काही टाकायचं नाही, ही त्या पिढीची सवय. बाबा म्हणाले, “बरा आसा.” हात धुवून आल्यावर आई हळूच लेकाला म्हणाल्या, “उद्या मी करतंय हां, कुळथाची पिठी.” बस. यापेक्षा वाईट रिव्ह्यू मी आयुष्यात वाचलेला नाही.

एवढ्यात वेटर बिल घेऊन आला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “कसं होतं जेवण?”

आणि आम्ही चौघं, एका सुरात: “मस्त!”

सीएनं तेवढ्यात बिलात सर्व्हिस चार्ज पकडला. तो लगेच फॉर्मात! ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढली, बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ती उचलून धरली... तारखांसकट सगळं ऐकवलं. काकांनी मुकाट्यानं चार्ज काढला. आम्हाला जिंकल्यासारखं वाटलं. गंमत बघा. साठ-सत्तर रुपयांसाठी आम्ही कोर्टापर्यंत गेलो आणि ताटातल्या माशाबद्दल कुणी तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं ते गाडीत. म्हणजे तोंड नाही, फोन. कोकण्यानं एक स्टार देऊन रिव्ह्यू टाईप केला: ‘आई-बाबांना घेऊन गेलो होतो. लाज वाटली.’

मी म्हटलं, “अरे थांब ना, एकदाच झालंय. मार्चमध्ये तूच दोनदा भात घेतला होतास.”

तो म्हणाला, “तुला त्या हॉटेलची काळजी नाहीये. तुझ्या कॉलमची आहे.”

आणि त्यानं बटण दाबलं. पुढचे तीन आठवडे ग्रुपवर त्याच्याकडून एक अंगठासुद्धा आला नाही. मला राग आला होता, कारण तो जे बोलला त्यातलं निम्मं खरं होतं.

शेवटी ऑगस्टच्या मध्यावर, एका मंगळवारी दुपारी तीनला, मी एकटीच तिथं गेले. श्रावण चालू. हॉटेलात शुकशुकाट. काका गल्ल्यावर पेपर वाचत बसलेले. मी ओळख दिली. म्हटलं, मार्चमध्ये लिहिलं ती मीच, आणि जुलैमध्ये फसले तीही मीच. वाटलं होतं चिडतील. त्यांनी चहा मागवला.

मग जे कळलं ते तुमच्या-माझ्यासारख्या बाहेर जेवणाऱ्या प्रत्येकानं ऐकण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट मासळीची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ६१ दिवस. माशांच्या विणीचा हंगाम, त्यामुळे ती हवीच. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणून जुलैत थोडा माल तिकडून येतो, बाकीचा बर्फातला. गोठवलेली सुरमई सोडवली की तिच्यातलं पाणी सुटतं. नीट वेळ देऊन फ्रीजमध्ये सोडवली तर ठीक, पण घाईत ओट्यावर सोडवली तर मासा कोरडा आणि वरचा रवा सैल. माझ्या ताटात पडला होता तोच रवा!

दुसरी गोष्ट वाटपाची. मालवणी जेवण म्हणजे ओल्या नारळाचं वाटप, आणि ते रोजच्या रोज. गर्दीच्या दिवशी सकाळचं वाटप दुपारीच संपतं, मग आदल्या दिवशीचं काढलं जातं. नारळ कुणाची वाट बघत नाही. सोलकढीचंही तेच, सकाळी करून ठेवलेली रात्री फाटणारच. आणि तव्याचं गणित वेगळंच. गुरुवारी तव्यावर चार तुकडे असतात, गटारीला चौदा. तवा थंड पडतो, मासा तळला जाण्याऐवजी तेल पीत बसतो.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात मोठी. वस्ताद. काकांचे वस्ताद कुडाळकडचे. बारा वर्षं इथं आहेत. दरवर्षी जुलैत भाताच्या लावणीला पंधरा दिवस गावी जातात आणि गणपतीला पुन्हा. “रजा नाही म्हटलं तर?” मी विचारलं. काका हसले, “मग कायमचाच जाईल. कोकणी माणसाला गणपतीला कोण अडवणार?” गटारीच्या रविवारी तव्यावर उभा होता तो त्यांचा मदतनीस. वय वर्षं वीस.

“आणि मॅडम,” काका म्हणाले, “तुम्ही लिहिलंत म्हणून गर्दी वाढली. मी दहाची चौदा टेबलं केली. ॲपवर पार्सल सुरू केलं. शेगड्या मात्र तेवढ्याच.”

घ्या! म्हणजे बातमीही मीच केली आणि घोटाळ्यात वाटाही माझाच.

पण काकांना मी असंच सोडलं नाही बरं का. म्हटलं, “काका, हे सगळं खरं, पण जुलैत थाळी साडेपाचशेचीच होती ना? फ्रोझन आहे, वस्ताद रजेवर आहेत, असा बोर्ड का नाही लावलात?”

“बोर्ड लावला तर येईल कोण?”

“नाही लावलात म्हणून एक जण कायमचा गेला.” आणि मग मी त्यांना वेंगुर्ल्याच्या आईंबद्दल सांगितलं. संपवलेल्या ताटाबद्दल, कुळथाच्या पिठीबद्दल.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तो एक स्टारवाला तोच होय? मी रात्री तीनदा वाचलं ते. पण मला एक सांगा, पोरानं जाताना विचारलं होतं ना, कसं होतं म्हणून? पहिल्या घासाला सांगितलं असतं तर मी त्या माउलींना दुसरं काहीतरी दिलं असतं. कोंबडी-वडे होते, ताजे. बिल नसतं घेतलं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

विचार करा, आपण असे का आहोत? ऑफिसमध्ये फीडबॅकच्या मीटिंगा करतो, कॅब ड्रायव्हरला रेटिंग देतो, पिझ्झा अर्धा तास उशिरा आला की चॅटवर भांडतो. पण समोर उभं राहून कुणी माणूस विचारतो, “कसं होतं?”, तेव्हा आपण “मस्त” म्हणून बडीशेप उचलतो. का, तर वाईट कशाला वाटून घ्यायचं, कटकट कशाला. आणि मग रात्री साडेअकराला, ज्याच्यापर्यंत उपाय पोचणारच नाही अशा वेळी, सगळ्या जगासमोर त्याची इज्जत काढतो. हा सभ्यपणा नाही. ही भीड आहे. आणि या भिडेत तीन जणांचं नुकसान होतं: आपलं, त्या हॉटेलवाल्याचं आणि उद्या तिथं जाणाऱ्या तिसऱ्या माणसाचं.

आपल्याच पुण्यात अशाही जागा आहेत जिथं वर्षानुवर्षं चव हलत नाही. बेडेकरांची मिसळ घ्या. मेन्यू एवढासा, आणि जे आहे ते मनापासून. पण प्रत्येक हॉटेलला ते जमत नाही. दहा टेबलांच्या हॉटेलात चव ही एखाद्या ब्रँडची नसते. ती एका माणसाच्या हाताची असते. आणि त्या माणसाला शेत असतं, गणपती असतो, कधी ताप असतो.

म्हणून आता आमच्या गँगनं नवे नियम केलेत. बसल्यावर मेन्यू उघडायच्या आधी विचारायचं, “आज ताजं काय आलंय?” जून-जुलैत सुरमईचा हट्ट धरायचा नाही. गटारी, एकतीस डिसेंबर आणि लाँग वीकएंडच्या रविवारी एखाद्या हॉटेलची परीक्षा घ्यायची नाही. काही बिघडलं असेल तर पहिल्या घासाला सांगायचं, शेवटच्या नाही, आणि आवाज न चढवता. आणि हा माझ्यासाठी: तीन वेळा जेवल्याशिवाय कॉलम लिहायचा नाही. चांगलाही नाही, वाईटही नाही. म्हणूनच यावेळी नाव नाही. तिसरी थाळी अजून व्हायची होती ना!

ती झाली दसऱ्यानंतरच्या बुधवारी. कोकण्याला मी फोन केला, मेसेज नाही. आधी सॉरी म्हटलं. कॉलमची काळजी होती हे कबूल केलं. तो म्हणाला, “येतो. पण थाळी घेणार नाही.”

दारात छोटा काळा बोर्ड होता. खडूनं लिहिलेलं: ‘आज बांगडा, मांदेली. सुरमई नाही.’ टेबलं पुन्हा दहा. कोकण्यानं बोर्ड दोनदा वाचला, काही बोलला नाही, आणि बांगड्याचं तिखलं मागवलं. डाएटनं त्यातलं निम्मं खाल्लं. बिलात सर्व्हिस चार्ज नव्हता, त्यामुळे सीए जरा हिरमुसला.

वेटर आला. “कसं होतं जेवण?”

आम्ही तिघं सवयीनं, “म...”

“बांगडा ताजा होता,” कोकण्या म्हणाला. “पण तिरफळं कमी पडली.”

पोरगा आत गेला. मिनिटभरानं फडक्याला हात पुसत खुद्द वस्ताद बाहेर आले. मला वाटलं, झालं आता! त्यांनी कोकण्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “गाव खंयचा तुमचा?”

पुढची वीस मिनिटं दोघं तिरफळांवर बोलत होते. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

घरी जाताना मी हळूच विचारलं, “दिवाळीत आई-बाबा येतायत ना? आणशील का त्यांना परत?”

“बघू,” तो म्हणाला. “आधी एकदा तिरफळं नीट पडू देत.”