मासा बरा झाला, टाकीचे काय?

खाऱ्या पाण्याच्या टाकीतील माशावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, की बहुधा 'क्रिप्टोकॅरिऑन' या परजीवीची लागण झालेली असते. त्यावर तांब्याचे औषध चालते. पण तेच तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींच्या जिवावर उठते. म्हणून माशाला वेगळ्या टाकीत ठेवून, तांब्याचे प्रमाण रोज मोजत, तीन-चार आठवडे उपचार करतात.

ठिपके गेले की त्याला परत मूळ टाकीत सोडण्याची घाई होते. माझ्या मते चूक होते ती इथेच. औषध माशाला मिळाले, टाकीला नाही. परजीवीचे कोष वाळूला, दगडांना चिकटून राहतात आणि कित्येक आठवड्यांनीही फुटतात. त्यातून निघालेल्या जिवांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ते मरतात. म्हणून निरोगी दिसणारे मासेही बाहेर काढून मूळ टाकी किमान ६ आठवडे, जमल्यास अडीच महिने, माशांविना ठेवावी.

परत सोडण्यापूर्वी मासा काही दिवस तांबेविरहित पाण्यात ठेवून पाहावा. मग क्षारता आणि तापमान जुळवून सोडावा. उपचाराच्या टाकीतील पाणी किंवा जाळी मात्र मूळ टाकीत जाऊ देऊ नये.

रिकामी टाकी पाहवत नाही, हे खरे. पण यातले बहुतेक मासे समुद्रातून पकडून आणलेले असतात. आपल्या उतावळेपणाने एक मेला, की दुसरा तिथूनच येतो. मासा विकतानाच दुकानदाराने हे सांगायला हवे आणि आपणही विचारायला हवे.