कढीपत्त्यावरची सफारी

फोटोग्राफीतही मानपान असतो. ताडोब्याहून वाघ 'घेऊन' आलेला माणूस सोमवारी ऑफिसात पंगतीतल्या पहिल्या पाटावर बसल्यासारखा वागतो. त्याच्या मोबाइलभोवती घोळका जमतो. वाघ होता की वाघीण, बछडे किती, जिप्सीपासून किती लांब, सगळी चौकशी होते. त्यानंतर मान पक्षीवाल्यांचा. त्यांच्याकडे निदान धनेश तरी असतो. आम्ही किडामुंगीवाले सगळ्यात शेवटी. "या रविवारी काय काढलंस?" याला "अळी" असं उत्तर दिलं, की विचारणारा चहाचा कप उचलून हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकतो.

माझी त्यावर तक्रार नाही. मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळून केलेल्या फोटोग्राफीचं, मोठं सुख हेच, की त्यासाठी कुठे जावं लागत नाही. जंगलाचं बुकिंग नको, पहाटे साडेचारचा गजर नको, सहाशे मिलिमीटरची तोफ खांद्यावर वागवायला नको. माझं अभयारण्य गॅलरीत आहे. एका कुंडीत कढीपत्ता, शेजारी लिंबाचं रोप, कोपऱ्यात तगर.

कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटली की कुठून तरी वर्दी जाते आणि काळ्या पंखांवर पिवळट ठिपक्यांचं लाइम बटरफ्लाय येऊन घिरट्या घालू लागतं. मादी पानावर धड बसतही नाही. पंख फडफडवत पोटाचं टोक पानाला टेकवते, एक अंडं चिकटवते आणि निघून जाते. अंडं मिलिमीटरभराचं, फिकट पिवळं, गोल. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस काळपट-तपकिरी असते आणि अंगावर मध्येच पांढरा पट्टा. नुसत्या डोळ्यांना वाटतं, चिमणी पानावर घाण करून गेली. लेन्समधून पाहिलं की कमाल कळते: ताज्या विष्ठेची ओलसर चकाकीसुद्धा तिने उचललेली असते. पक्ष्याने बघावं आणि तोंड फिरवावं, एवढाच हेतू. चार वेळा कात टाकून झाली की हे सोंग संपतं. अळी एकदम हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. एवढ्या मोठ्या आकाराच्या विष्ठेवर कोणता पक्षी विश्वास ठेवणार?

एकदा अशाच एका हिरव्या अळीवर कॅमेरा लावून बसलो होतो, तेवढ्यात एक मुंगी तिच्या पाठीवर चढली. अळीने डोकं मागे टाकलं आणि मानेमागून नारिंगी रंगाचं, दोन फाट्यांचं काहीतरी झटकन बाहेर आलं. आंबूस, उग्र वास माझ्यापर्यंत पोचला. मुंगी आल्या पावली परत फिरली आणि ते नारिंगी प्रकरण आत ओढलं गेलं. एरवी मानेच्या घडीत दडवून ठेवलेली ही ग्रंथी. मुंग्यांना आणि अंगावर अंडी घालायला टपलेल्या परजीवी माश्यांना हुसकावायचं तिचं हत्यार. फोटो आला तो हललेला, पण ते दृश्य पाहण्यासाठी मी पुढची सगळी पालवी अळ्यांच्या नावावर करून द्यायला तयार होतो. बायकोचं मत जरा वेगळं पडलं. "फुलपाखरं हवीत तेवढी पाळा हो," ती म्हणाली, "पण फोडणीपुरती चार पानं ठेवायला सांगा त्यांना."

नागपूरकडच्या संत्रा बागायतदारासमोर मात्र या अळीचं कौतुक करू नये. संत्र्या-मोसंबीच्या नव्या फुटीवर हीच अळी ताव मारते, रोपवाटिकेतली कलमं बोडकी करून टाकते. तिचं देखणेपण त्याला परवडणारं नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता ज्याची वाट पाहिली जाते तो प्रश्न: कॅमेरा कोणता? खऱ्या मॅक्रो लेन्सची कसोटी १:१ ही. एक सेंटीमीटरचा किडा सेन्सरवरही एक सेंटीमीटरचाच उमटला पाहिजे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे असा किडा फ्रेमच्या रुंदीचा पाव भाग सहज व्यापतो. पुढे कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याच्या मिश्याही मोजता येतात. अशी लेन्स स्वस्त नसते. पण फिल्मच्या जमान्यातली ५० मिलिमीटरची जुनी लेन्स पुण्यात जुन्या बाजारात धुंडाळली तर मिळते. एक साधी रिंग घेऊन ती कॅमेऱ्यावर उलटी बसवली की जवळपास तेवढंच मोठं चित्र येतं. या कामाला जुनीच लेन्स बरी, कारण तिचं अॅपर्चर हाताने फिरवता येतं. नव्या लेन्सचं अॅपर्चर कॅमेऱ्याच्या हुकमावर चालतं आणि उलटी बसवली की तो हुकूम पोचतच नाही. ज्यांना हाही खटाटोप नको त्यांनी मोबाइलच्या मॅक्रोवर सुरुवात करावी. जास्वंदीच्या कळीवरचा मावा त्यातही छान दिसतो.

पैशांनी न सुटणारा त्रास पुढे आहे. जितकं जवळ जावं तितका फोकस आटतो. १:१ ला एफ ८ वर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. माशीचा डोळा धरला की पंख गेले, पंख धरले की डोळा गेला. अॅपर्चर आणखी बारीक करावं तर उजेड कमी पडतो आणि एफ १६ च्या पुढे सगळंच चित्र मऊ पडायला लागतं. म्हणून फ्लॅश, आणि फ्लॅशच्या तोंडाला बटर पेपर, नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरा भगभगीत डाग. ऑटोफोकस इथे नुसता गोंधळ घालतो. फोकस एका जागी बांधून ठेवायचा, कोपर जमिनीला टेकायचं आणि आपणच केसभर पुढे-मागे झुलायचं. हे जमतंय तोवर वारा येतो. आजवर मी सर्वांत जास्त शिव्या कुणाला घातल्या असतील तर वाऱ्याला.

थंडीतल्या सकाळी हे सगळं सोपं होतं. बहुतेक कीटकांना स्वतःचं अंग तापवता येत नाही, ऊन चढेपर्यंत ते गारठून काडीला धरून बसलेले असतात. चतुराच्या डोळ्यावर दवाचे थेंब बसलेले मिळतात ते अशा वेळी. वेताळ टेकडीवर सातच्या आत गेलं की गवतात अशी बरीच मंडळी भेटतात. आठनंतर टेकडी फिरायला येणाऱ्यांची, त्यांच्या कुत्र्यांची आणि भजनांची.

घरात मात्र वेळेचं बंधन नाही. भिंतीवर माश्या पकडत फिरणारा तो छोटा उडी मारणारा कोळी सगळ्यांच्या घरी असतो. त्याचे आठ डोळे, त्यातले समोरचे दोन मोठे. जाळं न विणता नजरेवर शिकार करणारा प्राणी, तेव्हा त्याला दिसतं उत्तम. लेन्स जवळ नेली की तो पळत नाही, अंग वळवून तुमच्याकडे बघतो. या मोठ्या डोळ्यांची भिंगं जागची हलत नाहीत. हलतो तो आतला पडदा, एका नळीच्या टोकाला. त्यामुळे समोरून पाहताना डोळ्यांचा रंग क्षणात काळा, क्षणात तपकिरी झालेला दिसतो. म्हणजे त्याची नजर तुमच्यावरून फिरत असते. आपण त्याचा फोटो काढतोय असं आपण समजतो, तोवर त्याने आपली पुरती तपासणी उरकलेली असते.

याच कुळातल्या एका महाभागाने मला कोकणात आंब्याखाली अख्खी दुपार बसवून ठेवलं. झाड ओंबिलांचं होतं, पानं एकत्र शिवून घरटी करणाऱ्या त्या लाल चावऱ्या मुंग्यांचं. फांदीवरच्या रांगेपासून जरा बाजूला एक मुंगी एकटीच फिरत होती. चाल मुंगीची, रंग मुंगीचा, कंबर मुंगीसारखीच बारीक. फक्त तिच्या मिश्या जरा जाड वाटल्या. फोटो मोठा करून पाहिला तर त्या मिश्या नव्हत्या, हवेत उचलून धरलेले पुढचे पाय होते. पाय मोजले, आठ. डोक्यावर ते दोन मोठे डोळे. कोळी! ओंबील म्हटली की पक्षी सहसा वाटेला जात नाहीत, त्या दराऱ्याच्या आडोशाला हा आयुष्य काढतो. मुंग्यांमध्ये राहतो, पण त्यांच्या फार जवळ जात नाही. फसवणूक दुरून चालते, जवळून महागात पडते.

असे फोटो तारीख आणि ठिकाणासह आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकावेत. ओळख पटवणारे जाणकार तिथे भेटतात आणि कुठे काय दिसलं याची नोंदही होते. फुलपाखरांसाठी कृष्णमेघ कुंटे यांचं २००० साली आलेलं 'बटरफ्लाइज ऑफ पेनिन्सुलर इंडिया' अजूनही माझ्या पिशवीत असतं.

इतके गोडवे गाऊन झाल्यावर एक कडू गोष्ट लिहितो, कारण ती आमच्याच जमातीची आहे. ताडोब्यात जिप्सीतून पाय खाली टाकता येत नाही. गाइड असतो, गेट असतं, वेळ असते, नियम मोडला तर बोलणारं कुणी असतं. चतुराच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं. त्यामुळे वाघाशी जे करायची हिंमत होणार नाही ते किड्याशी सर्रास केलं जातं. हलू नये म्हणून फुलपाखरू फ्रिजमध्ये ठेवून गारठवणारे आहेत. काडीवर 'छान' दिसावा म्हणून सरडा उचलून ठेवणारे आहेत. कासच्या पठारावर दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती उगवते. खडकावरच्या जेमतेम मातीत नत्र फारसं नाही, म्हणून ती आपल्या चिकट केसांवर बारीक किडे पकडून पोट भरते. तिच्या एका पानाचा सुंदर फोटो मिळावा म्हणून तिथे आडवे होणारे लोक मी पाहिले आहेत. ते उठून गेल्यावर खालचा गालिचा कसा दिसत होता, तो फोटो मात्र कुणी काढत नाही. पश्चिम घाटाबरोबर कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण फुलाला तो वाचता येत नाही आणि बुटालाही.

आंबोलीत तर एक 'वाघ'च आहे. आंबोली टोड, एक इवलासा भेक. त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्रिने टायगरिना. कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांमुळे हे नाव पडलं. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, खडकात पावसाचं पाणी साचून जी उथळ डबकी होतात, त्यांत त्याचा संसार. आपल्या एका चपलेखाली तो संसार मावतो. ताडोब्याच्या वाघाला अंतर राखून बघायचं हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. या वाघाला तो मान अजून मिळायचाय.

बेडकाला हात लावला तर काय बिघडलं, असं विचारणारे असतात. बिघडतं. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्याची कातडी पाणी आणि त्यातलं बरंवाईट आत घेते. आपल्या हातावर डास पळवायचं मलम असतं, सनस्क्रीन असतं, घामाचं मीठ असतं. शिवाय बेडकांचा जीव घेणारी बुरशी एका डबक्यातून दुसऱ्यात न्यायला आपला बूट पुरतो.

येत्या पावसात आंबोलीला किंवा कुठल्याही सड्यावर कॅमेरा घेऊन जाणार असाल, तर रात्रीच्या फेरीत बेडूक किंवा चापडा साप हातात किंवा काठीवर धरून समोर आणणाऱ्याला पैसे देऊ नका, त्याचं कौतुकही करू नका. दुर्मीळ काही दिसलं तर फोटोखाली नेमकी जागा लिहू नका. गाइड जरूर घ्या, पण जो "साहेब, तिथूनच बघा" म्हणेल तो.