पिकअपला ‘पॉवर’ वाढवून घेताय? आधी घाट कोणत्या बाजूने भरून जायचाय ते बघा

विशेष विश्लेषण

जुन्नर : टोमॅटोचा सीझन आला की नारायणगाव-आळेफाटा पट्ट्यात पिकअपवाल्यांची धावपळ सुरू होते. या धावपळीत आता गॅरेजवर आणि मोबाईलवर एक नवीन विषय चाललाय, ‘रिमॅप’ करायचा. रील बघितली की असंच वाटतं, लॅपटॉप लावला, अर्ध्या तासात गाडीची ताकद वाढली, वर मायलेजही वाढलं. गावोगावची पोरं विचारतात, करून घ्यावं का?

हा विषय आत्ताच का निघाला, त्याला कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत घेतलेल्या पिकअपची वॉरंटी संपलीय किंवा संपत आलीय. वॉरंटी होती तोवर कंपनीच्या भीतीने कोणी हात लावत नव्हतं. आता हप्ते चालू, गाडी थोडी दमलेली, भाडं मात्र तेवढंच. म्हणून मालक ‘पॉवर’कडे वळलाय. पैसे टाकायच्या आधी हिशोब नीट समजून घेतलेला बरा.

रिमॅप म्हणजे नेमकं काय?

आजच्या डिझेल इंजिनात किती डिझेल, कधी आणि किती दाबाने सोडायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला ईसीएम म्हणतात. रिमॅपमध्ये त्यातले आकडे बदलतात. डिझेल जास्त सुटतं, टर्बोचा दाब वाढतो, ताकद वाढते. यात खोटं काही नाही, गाडी खरंच उचलते.

दुसरा स्वस्तातला प्रकार म्हणजे ‘पॉवर बॉक्स’. तो सेन्सरच्या वायरीत बसवतात. डिझेलचा दाब खरा आहे त्यापेक्षा कमी आहे असं तो कॉम्प्युटरला खोटंच सांगतो. मग कॉम्प्युटर दाब वाढवत राहतो. ताण पंपावर आणि इंजेक्टरवर येतो, आणि इंजेक्टरचं बिल किती येतं हे ज्याने भरलंय त्याला विचारा.

तिसरा प्रकार सर्वात वाईट. सायलेन्सरमधला डीपीएफ काढायचा, ईजीआर बंद करायचा आणि कॉम्प्युटरला ते दिसू द्यायचं नाही. डीपीएफ ही धुरातली काजळी अडवणारी जाळी आहे. ती काढली की काजळी थेट बाहेर, आपल्याच गावच्या रस्त्यावर, शाळेच्या पोरांच्या नाकात.

‘कंपनीने पॉवर दाबून ठेवलीय, आम्ही ती मोकळी करतो,’ असं रिमॅपवाले सांगतात. हे अर्धं खरं आहे. कंपनी इंजिनात थोडी जागा शिल्लक ठेवतेच. पण का ठेवते? कारमध्ये इंजिनवर पूर्ण जोर येतो तो ओव्हरटेक करताना, काही सेकंद. मालगाडी मात्र भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास जोर लावते. ती शिल्लक जागा म्हणजे उन्हाळ्यात, चढावर, लोडमध्ये इंजिन टिकावं म्हणून ठेवलेली राखण आहे. ती खर्चली की उष्णता वाढते. आधी क्लच प्लेट बोलते, मग टर्बो, मग हेड गॅस्केट.

माळशेज आपण भरून उतरतो

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागातला माल जातो कुठे? बराचसा वाशीला, आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण या रस्त्याने. म्हणजे माल भरलेला असतो तेव्हा माळशेज घाट आपण उतरतो. चढतो तेव्हा गाडीत रिकामे क्रेट असतात. नाशिककडून कसाऱ्याने मुंबईला जाणाऱ्या भाजीचंही तेच.

उताराला इंजिनची ताकद काय कामाची? तिथे काम करतात ब्रेक, टायर, आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनने धरलेली गाडी. रिमॅपने यातलं काहीच वाढत नाही. ब्रेक लायनर तेच, ड्रम तेच, पाटे तेच. उलट ताकद वाढली म्हणून माणूस आणखी वीस क्रेट टाकतो आणि तो भार घाटात ब्रेकवर येतो.

आकड्यात बघू. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं, रिकाम्या क्रेटचं वजन धरून २२ किलो पकडू. १७०० किलो पासिंगच्या गाडीत ७७ क्रेट बसतात. सीझनला १२० क्रेट भरलेली गाडी दिसणं आपल्याला नवीन नाही. ते झाले २६४० किलो, म्हणजे ९४० किलो जादा. गाडीचं स्वतःचं वजन धरून साडेतीन टनाच्या आसपास असायला हवी ती गाडी साडेचार टनाजवळ जाते. ब्रेकला सव्वापट काम. पावसाळ्यात, धुक्यात, ओल्या रस्त्यावर.

ज्यांचं काम उलटं आहे, म्हणजे कल्याण-भिवंडीहून खत, सिमेंट, किराणा भरून घाट चढतात, त्यांना ताकद लागते हे मान्य. पण पासिंगएवढाच लोड असेल तर चढ चढायला कंपनीची ताकद आणि योग्य गिअर पुरतो. वेळ दहा मिनिटं जास्त लागेल, एवढंच.

वेळ आणि डिझेल खरंच वाचतं का?

नारायणगावहून वाशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. यात वेळ जातो तो घाटातल्या रांगेत, कल्याणमध्ये आणि शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये. तिथे ७५ हॉर्सपॉवरची गाडी आणि ९० ची गाडी एकामागे एक उभ्या असतात. शिवाय अनेक पिकअपला ताशी ८० ची मर्यादा कंपनीतूनच आलेली असते. मोकळ्या रस्त्यालाही त्यापुढे जाता येत नाही आणि जाऊही नये.

डिझेलचा हिशोब करू. लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरू. जाऊन-येऊन ३०० किलोमीटरला २५ लिटर, म्हणजे २२५० रुपये. रिमॅपवाल्याचं दहा टक्के मायलेज वाढल्याचं म्हणणं खरं मानलं तरी एका ट्रिपला दोनशे रुपयांच्या आसपास वाचतात. रिमॅपला १५ हजार दिले असतील तर नुसती मुद्दल निघायला सत्तरहून जास्त ट्रिपा हव्यात. त्याआधी क्लच बसला तर सगळं पाण्यात. आणि ताकद हाताशी आली की पाय जास्त दाबला जातो, मग मायलेज वाढत नाही, घटतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं. नियमात न बसणारा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. धुराचे निकष मोडले तर कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे.

ओव्हरलोडचं कलम १९४ वेगळं. त्यात २० हजार रुपये, वर जादा प्रत्येक टनामागे २ हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. उतरवलेल्या टोमॅटोचं उन्हात काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको.

फिटनेसचंही बघा. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. ही तपासणी आता टप्प्याटप्प्याने मशीनवर जातेय. आणि अपघात झालाच, तर गाडीत न कळवलेला बदल सापडल्यावर विमा कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं. गाडीवर फायनान्सचं कर्ज असताना हे कोणाला परवडणार?

मग गाडी उचलत नाही, त्याचं काय?

नवीन ताकद विकत घेण्याआधी असलेली ताकद कुठे गळतेय ते शोधा. बऱ्याच वेळा दुखणं साधं निघतं.

– एअर फिल्टर: आपल्या शिवारातल्या धुळीत तो सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच चोंदतो. काही शे रुपयांचं काम.

– टर्बोचा होस आणि इंटरकूलर: होस फाटला किंवा क्लिप सैल झाली की हवा निसटते. ॲक्सिलेटर दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज, गाडी जड आणि काळा धूर, ही खूण.

– डिझेल फिल्टर: त्यातलं पाणी वेळेवर काढा.

– क्लच: आरपीएम चढतो पण गाडी पळत नाही, तर क्लच घसरतोय. अशा गाडीला रिमॅप म्हणजे आगीत तेल.

– ब्रेक जाम: थोडं चालवून थांबा आणि चाकाजवळ हात न्या, ड्रमला लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर इंजिन त्या ब्रेकशी भांडतंय.

– टायरमधली हवा: लोडप्रमाणे, कंपनीने सांगितलेली.

– स्कॅनर: डॅशवर दिवा लागला असेल तर कॉम्प्युटरने स्वतःच ताकद कमी केलेली असू शकते. कोड वाचून घ्या. दिवा नुसता पुसून घेऊ नका.

– डीपीएफ: गावातल्या गावात दूध, खत अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा डीपीएफ चोंदतो, कारण काजळी जळायला लागेल एवढा तो तापतच नाही. अधूनमधून हायवेला वीसेक मिनिटं एकसारखी चालवा. गाडीच्या पुस्तकात पद्धत दिलेली असते.

एवढं करूनही कमी पडतेय असं वाटलं तर प्रश्न इंजिनचा नाही, गाडी निवडण्याचा आहे. बाजारात १.३ टन, १.७ टन, २ टन पासिंगच्या पिकअप मिळतात. टाटा योद्धासारखी १०० हॉर्सपॉवरचीही येते. कायम दोन टन माल असणाऱ्याने पुढची गाडी दोन टनाचीच घ्यावी. त्या गाडीचे ब्रेक, ॲक्सल आणि पाटे त्या वजनासाठीच बनवलेले असतात आणि कागदही तसेच असतात.

शेतकऱ्याचाही यात हात आहे

सगळा दोष पिकअपवाल्यावर टाकून भागणार नाही. भाडं क्रेटवर ठरतं. समजा एका ट्रिपचे ६ हजार सुटले पाहिजेत. ७७ क्रेट नेले तर क्रेटला ७८ रुपये पडतात, १२० नेले तर ५०. आपण शेतकरी पन्नासवाल्यालाच फोन करतो. मग सरळ चालणारा पोरगा एक तर घरी बसतो, नाही तर तोही १२० भरतो आणि रिमॅपच्या दुकानात जातो. सगळेच १२० भरायला लागले की ५० हाच बाजारभाव होतो. जादा क्रेटचा फायदा मालकाच्या हातात राहत नाही, झीज मात्र त्याच्याच गाडीची.

हा फरक किलोवर आणला तर १ रुपया ४० पैसे होतो. बाजार पडलेला असतो तेव्हा तेवढेही जड जातात, हे मी स्वतः माल लावतो म्हणून सांगतो. पण दुसरी बाजूही मांडा. जादा ४३ क्रेटचे पिकअपवाल्याला २१५० रुपये मिळतात. एकदा २० हजारांचा दंड बसला की नऊ-दहा ट्रिपांची जादा कमाई गेली. आणि घाटात ब्रेक गेला तर त्याचा हिशोब कोणत्याही क्रेटमध्ये बसत नाही.

यावर गावपातळीवर करता येण्यासारखं आहे. एका वस्तीवरच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून गाडीच्या पासिंगप्रमाणे ट्रिपचा दर ठरवावा आणि क्रेटप्रमाणे वाटून घ्यावा. माल जास्त असेल त्या दिवशी दोन गाड्या किंवा एक मोठी गाडी करावी. पिकअपवाल्यांनीही तालुक्यात एकत्र बसून पासिंगच्या वर न भरण्याचं ठरवलं, तर पडेल भाड्याची स्पर्धा थांबेल. रिमॅपला ठेवलेले १५ हजार असतील तर या सीझनला त्यातून चारही चाकांचे लायनर तपासून घ्या, गुळगुळीत झालेले मागचे टायर बदला आणि बाकीचे हप्त्याला ठेवा.