आधी पकड, मग दुरुस्ती

औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावात गॅरेजवाल्याकडे केवळ मोटारसायकली येत नाहीत. फवारणी पंपाची नळी, पाणबुडी मोटारीचा शाफ्ट, हळद शिजवायच्या कुकरचा वाफेचा पाइप असे काहीही त्याच्या टेबलावरच्या व्हाइसमध्ये येऊन बसते. यातल्या कितीतरी वस्तू गोल, आतून पोकळ आणि पातळ पत्र्याच्या असतात. माझा मुद्दा एवढाच, की ग्रामीण भागात दुरुस्ती बिघडण्याचे एक मोठे कारण वस्तू चुकीची धरण्यात आहे, आणि ते दूर करणे अत्यंत स्वस्त असूनही त्यासाठी कुणी पैसे मोजत नाही. कारागीर नाही, गिऱ्हाईक नाही आणि सरकारही नाही.

व्हाइसचा जोर किती असतो, याचा अंदाज तो रोज फिरवणाऱ्यालाही बहुधा नसतो. पाव मीटर लांबीचा दांडा, पाच मिलिमीटर अंतराचे आटे आणि टोकाशी वीस किलोचा जोर असा साधा हिशेब मांडा. आट्यांच्या घर्षणात चार-पंचमांश ताकद वाया गेली असे धरले, तरी जबड्यांमध्ये टनाच्या वर दाब उरतो. लोखंडाच्या भरीव तुकड्याला त्याचे काही वाटत नाही. मात्र सायलेन्सरच्या गोल नळीवर हा सगळा दाब समोरासमोरच्या दोन रेघांवर पडतो आणि नळी लंबगोल होते. तिच्यावर क्लॅम्प नीट बसत नाही, फटीतून धूर निघू लागतो आणि आवाज कमी करायला आणलेली गाडी पहिल्यापेक्षा मोठ्याने फटफटते. दोष मात्र वेल्डिंगच्या माथी जातो.

बंदुकीच्या सायलेन्सरची गोष्टही हीच, फक्त तिथे चूक जिवावर बेतते. नळीच्या आत एकामागे एक भोकांचे पडदे असतात आणि गोळी त्या भोकांच्या अगदी मधून जावी लागते. देखभालीच्या वेळी नळी दबली किंवा पडदे किंचित सरकले, तर गोळी पडद्यावर आदळते. म्हणून जाणकार शस्त्र-कारागीर ती उघड्या जबड्यांत कधीच धरत नाही. नळीच्या मापाची खाच असलेले लाकडाचे किंवा मऊ धातूचे ठोकळे मध्ये घालतो आणि जिथे धातू जाड असेल तिथेच पकडतो. आपल्याकडे हे काम गावच्या गॅरेजचे नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. १९५९च्या शस्त्र कायद्याने आवाज दाबणाऱ्या अशा जोडसाधनाचा समावेश थेट ‘अग्निशस्त्रा’च्या व्याख्येत केला आहे आणि परवान्याशिवाय त्याची दुरुस्तीही गुन्हा आहे. पण धरण्याची ती शिस्त कुणाची मक्तेदारी नाही. बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ साली घेणाऱ्या हायरम पर्सी मॅक्सिमच्या कंपनीने पुढे इंजिनांचेही सायलेन्सर बनवले. नळी बंदुकीची असो वा इंजिनाची, दाबली की बिघडतेच.

यावर कारागिरांचे ठरलेले उत्तर असते: पोत्याचा तुकडा किंवा जुन्या ट्यूबचे रबर गुंडाळले की झाले. त्याने रंग वाचतो, आकार वाचत नाही, कारण दाब त्या दोन रेघांवरच राहतो. उलट रबरावर नळी घसरते, म्हणून दांडा आणखी आवळला जातो. दुसरा आक्षेप वेळेचा. पेरणीच्या दिवसांत शेतकरी दारात उभा असताना ठोकळे कोण शोधत बसणार? हा आक्षेप मला खरा वाटतो. पण ठोकळे आधीच करून टांगलेले असले तर त्यात मिनिटही जात नाही. बाभळीच्या लाकडात नळीच्या मापाचे भोक पाडायचे आणि भोकाच्या मधोमध करवतीने चिरायचे. करवतीने खाल्लेल्या फटीमुळेच ठोकळ्याचे दोन्ही अर्धे भाग नळीला चहूबाजूंनी आवळतात. गावातला सुतार हे काम सहज करील. खराब झालेला भाग टाकून नवा बसवा, असा सल्ला देणाऱ्यांनी त्याची किंमत शेतकऱ्याच्या खिशातून मोजून पाहावी.

राहिला सरकारचा प्रश्न. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. लोहार आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे, शस्त्रकारसुद्धा आहे. प्रत्येकाला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. मोटारसायकल दुरुस्त करणारा मात्र त्या यादीत नाही, कारण त्याचा धंदा ‘पारंपरिक’ नाही. आज गावात लोहाराचे निम्मे काम त्याच्याकडे सरकले आहे, हे यादी करणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. योजना बदलायला वेळ लागेल, हे मान्य. पण राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि तिथल्या फिटरला मऊ जबड्यांचा वापर शिकवला जातो. आयटीआयची पायरी न चढता, उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या गॅरेजवाल्यांना जवळच्या आयटीआयने दोन दिवस बोलवावे, आणि परत जाताना प्रत्येकाच्या हातात नेहमीच्या मापांच्या ठोकळ्यांच्या चार-पाच जोड्या द्याव्यात. एवढ्या खर्चाला नव्या योजनेचे नाव लागत नाही, बहुधा म्हणूनच तो कुणी करत नाही.