छंदाची मासिके आणि कर्त्या वाचकाचे गद्य

एखादे वाङ्मयीन नियतकालिक बंद पडले, की त्याची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात होते. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाली, तेव्हा तिचे चाहते आणि तिचे विरोधक या दोघांनाही त्या घटनेचा अर्थ लावण्याची गरज वाटली. आजही मराठी कथाकवितेचा विचार करताना तो संदर्भ टाळता येत नाही. छंदाला वाहिलेल्या मासिकांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. विमाने, आगगाड्या, जहाजे यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करणाऱ्यांचे एखादे मासिक पातळ होत गेले, त्याचे स्वरूप पालटले आणि अखेरीस ते थांबले, तर ती बाब व्यापारात जमा होते आणि जुन्या वाचकांची हळहळ म्हातारपणीची स्मरणविवशता म्हणून सोडून दिली जाते. ही वर्गवारी तपासून पाहण्याची गरज आहे. छंदाच्या मासिकाचा वाचक जी तक्रार करतो ती मूलतः भाषेविषयीची तक्रार असते, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने ती ऐकली पाहिजे.

या प्रकारातील सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील ‘मेकॅनो मॅगझिन’चे आहे. धातूच्या सच्छिद्र पट्ट्या आणि नटबोल्ट यांच्या साहाय्याने यंत्रांच्या प्रतिकृती बांधण्याचे ‘मेकॅनो’ हे साधन फ्रँक हॉर्नबी यांनी प्रचारात आणले आणि त्याच्या प्रसारासाठी १९१६ मध्ये हे मासिक निघाले. जन्माने ती जाहिरातच होती. परंतु पूल, धरणे, इंजिने, विमाने यांविषयीचे लेख आणि वाचकांनी स्वतः बांधलेल्या प्रतिकृतींची वर्णने यांमुळे ते पाहता पाहता अभियांत्रिकीचे एक लोकप्रिय नियतकालिक बनले. १९६७ मध्ये ते थांबले; १९६८ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडून पुन्हा सुरू झाले; १९७२ मध्ये पुन्हा थांबले; १९७३ पासून त्रैमासिक रूपात तग धरून १९८१ मध्ये संपले. प्लॅस्टिकच्या जुळणीसंचांचे नाव धारण करणारे ‘एअरफिक्स मॅगझिन’ १९६० मध्ये सुरू झाले आणि १९९३ मध्ये थांबले. अशा मासिकांच्या उतरणीच्या काळात जुने वाचक जे म्हणतात त्याचा आशय बहुधा एकच असतो. ‘कसे केले’ हे सांगणारे लेख कमी झाले, ‘काय बाजारात आले’ हे सांगणारी पाने वाढली आणि वाचकांच्या पत्रांना जागा उरली नाही.

या तक्रारीकडे भाषेच्या अंगाने पाहिले, तर तिच्यात क्रियापदाच्या तीन रूपांचा प्रवास दडलेला दिसतो. कृती शिकवणारे पहिले गद्य विध्यर्थी असते. लाकूड घ्यावे, तासावे, काचकागदाने घासावे, मग सांधावे, अशी त्याची रीत असते. पाकशास्त्राच्या पुस्तकापासून शेतीच्या पत्रकापर्यंत मराठीत या गद्याची परंपरा मोठी आहे. छंदाचे मासिक रुळू लागते तेव्हा मात्र विध्यर्थाच्या जोडीला भूतकाळ येतो. ‘तासले, तर चीर गेली, दुसऱ्यांदा लाकूड भिजवून घेतले, तेव्हा वाकले’, असे कोणी अनुभवी वाचक लिहितो आणि पुढच्या अंकात दुसरा कोणी त्याचे म्हणणे खोडून काढतो. येथे वाचक वाक्याचा कर्ता झालेला असतो. चुकीची कबुली, उपायाचा शोध, दुसऱ्याच्या अनुभवाशी केलेला वाद ही या गद्याची लक्षणे आहेत. उतरणीच्या काळात तिसरे रूप वरचढ होते. ‘नवा संच उपलब्ध आहे’, ‘तपशील उत्कृष्ट आहेत’, ‘संग्रही असावा असा आहे’ अशा वाक्यांत करणारा कोणी उरत नाही. उरतो तो फक्त घेणारा. जुन्या वाचकाला जे खुपते ते नेमके हे असते, मग त्याला ते व्याकरणाच्या परिभाषेत सांगता येवो वा न येवो.

या उतरणीचे खापर केवळ जाहिरातींवर फोडणे मात्र न्याय्य होणार नाही. ‘मेकॅनो मॅगझिन’ जाहिरातीतूनच जन्मले, आणि मराठीतही याला समांतर उदाहरण आहे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे आरंभी नांगर आणि शेतीची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याचेच पत्र होते. पुढे ते मराठी मध्यमवर्गाचे एक प्रमुख मासिक झाले. कारखान्याचे पत्रक आणि समाजाचे मासिक यांतील अंतर वाचकाच्या सहभागाने कापले जाते. वाचक त्या पानांवर लिहू लागला, म्हणजे मालकाच्या हेतूपलीकडचे काहीतरी तेथे घडू लागते. तो लिहिनासा झाला, किंवा त्याला लिहू दिले गेले नाही, म्हणजे मासिक पुन्हा पत्रकाच्या पातळीवर येते. तेव्हा मासिकाचा ऱ्हास पानांच्या संख्येवरून किंवा कागदाच्या प्रतीवरून मोजण्याऐवजी वाचकाने लिहिलेल्या मजकुराच्या प्रमाणावरून मोजला पाहिजे.

विदर्भाला ही परंपरा परकी नाही. नागपूरच्या धरमपेठेतून वि. ना. वाडेगावकर यांच्या संपादकत्वाखाली निघणारे ‘उद्यम’ मासिक शेती, बागाईत, लहान धंदे आणि घरच्या घरी करता येण्याजोग्या वस्तू यांना वाहिलेले होते. १९४० च्या दशकात ते मराठीबरोबर हिंदीतही निघत होते. मराठी समीक्षेने या मासिकाची दखल उद्योगविषयक म्हणून घेतली असेल. गद्याचा नमुना म्हणून त्याचा विचार क्वचितच झाला. ज्या प्रदेशात सुताराच्या आणि लोहाराच्या तोंडी एकाच वाक्यात मराठी आणि हिंदी येतात, त्या प्रदेशात कृतीचे गद्य दोन भाषांत कसे घडत होते, हा भाषेच्या अभ्यासकाला मोह पडावा असा विषय आहे.

या परंपरेच्या अभावाने काय गमावले जाते, हे पाहण्यासाठी गोंदिया जिल्ह्याइतके समर्पक ठिकाण नाही. १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा रेल्वेच्या नकाशावर त्याच्या कितीतरी आधीपासून ठळक होता. हावडा–मुंबई मुख्य मार्गावरील गोंदिया स्थानकातून अडीच फुटी ‘छोटी लाईन’ नैनपूरमार्गे जबलपूरकडे जात असे. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेल्या या मार्गाचा गोंदिया–बालाघाट हा भाग एकविसाव्या शतकाच्या आरंभी रुंद झाला आणि नैनपूर–जबलपूर भागातील छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. नागभीडमार्गे चांदा फोर्टकडे जाणारा मार्गही एकेकाळी अरुंद होता. तो विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंद झाला. नागपुरात २००२ पासून अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे आणि तेथे काही इंजिने व डबे जतन केले आहेत. परंतु संग्रहालय वस्तू जपते. ती वस्तू कशी बांधली, कशी चालवली, कोठे बिघडत असे, याचे गद्य वेगळे जपावे लागते.

या छोट्या गाडीची प्रतिकृती करू पाहणाऱ्यासमोर पहिला प्रश्न गणिताचा येतो. जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे आहे. त्या प्रमाणाचे बाजारातील रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाला ८७ ने भागले, की तेवढेच उत्तर येते. भारतातील रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा आहे. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटरहून किंचित जास्त अंतर लागेल. म्हणजे विकतच्या रुळांवर ठेवलेला भारतीय डबा सुमारे एक सप्तमांशाने अरुंद पायावर उभा राहतो आणि जाणत्या डोळ्याला ते तत्काळ खटकते. उलट गोंदियाची छोटी लाईन ७६२ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागले, तर पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि त्याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी मिळणारे नऊ मिलिमीटरचे रूळ तिला जवळजवळ तंतोतंत बसतात. मुख्य मार्गाची प्रतिकृती जेथे अडते, तेथे छोट्या लाईनची सहज साधते. गोंदियाच्या एखाद्या हौशी माणसाला हे एका परिच्छेदात कळू शकते. परंतु तो परिच्छेद छापणारे पान मराठीत नसेल, तर प्रत्येकाला तो शोध एकट्याने, पैसे आणि साहित्य वाया घालवून, पुन्हा पुन्हा लावावा लागतो. 

हा छंद परदेशी आणि सुखवस्तू वर्गाचा असल्याने त्याची चिंता मराठी विभागाने का वाहावी, असा एक आक्षेप येथे संभवतो. संचांच्या किमती पाहता त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु मोठ्या वस्तूचे लहान रूप हाताने घडवण्याची ओढ मराठी समाजाने इंग्रजीकडून उसनी घेतलेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, विदर्भातील मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात. दिवाळीत महाराष्ट्राच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले लघु रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले; तेही एका माणसाच्या आयुष्यभराच्या छंदाचे फळ आहे. हात आहेत, हौस आहे, वस्तू आहेत. या हातांनी एकमेकांशी लेखी बोलावे अशी जागा तेवढी टिकलेली नाही. लाकडी बैलाचे शिंग कोणत्या लाकडाचे केले, म्हणजे मोडत नाही, हे सांगणारा सुतार आपले ज्ञान मुलाला देतो. मुलाने तो व्यवसाय घेतला नाही, तर ते ज्ञान तेथेच थांबते.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. आता सारी कृती चलच्चित्रात पाहता येते, तेव्हा ती शब्दांत सांगण्याचा आग्रह कशासाठी, असे विचारले जाते. चलच्चित्राचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. हाताची हालचाल दाखवण्यात शब्द त्याची बरोबरी करू शकत नाहीत. पण नऊ मिलिमीटरच्या रुळांची निवड का केली, दुसरा पर्याय का सोडला, कोणाचे म्हणणे चुकीचे ठरले, हा युक्तिवाद आहे. आणि युक्तिवाद लिहिला, म्हणजे तो पुन्हा तपासता येतो, त्याला पुढच्या अंकात उत्तर देता येते आणि पन्नास वर्षांनी तो उघडता येतो. शिवाय करणाऱ्याला आपली कृती लिहावी लागली, म्हणजे त्याला शब्द शोधावे लागतात. रंधा, पटाशी, काचकागद हे शब्द अशाच लिहिण्यातून बोलीतून छापील पानावर येतात आणि तेथून कोशात पोहोचतात. छंदाचे मासिक थांबले, की ही वाटही बंद होते.

मासिके चालवणे हे विद्यापीठाचे काम नव्हे, आणि थांबलेले मासिक केवळ हळहळीने पुन्हा सुरू होत नाही. साहित्य विभागाच्या हाती मात्र काही गोष्टी निश्चित आहेत. शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीने मराठी ग्रंथांसाठी जे केले, त्याच निष्ठेने उद्योग, कला आणि छंद यांच्या नियतकालिकांची अंकवार सूची व्हावयास हवी. विदर्भातील जुन्या वाचनालयांत आणि घरांत असे अंक उरले असतील, तर रद्दीच्या तराजूत जाण्यापूर्वी ते पाहिले गेले पाहिजेत. संशोधनासाठी विषय शोधणाऱ्या गोंदिया–भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांना पन्नासाव्यांदा त्याच कादंबरीकाराकडे पाठवण्यापेक्षा छोट्या लाईनवर काम केलेल्या निवृत्त कामगारांकडे आणि तान्ह्या पोळ्याचे बैल घडवणाऱ्या सुतारांकडे पाठवावे. त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच क्रियापदांत लिहून घेणे हेही वाङ्मयसंशोधनच आहे. या कामाला मुदत आहे. छोटी गाडी जाऊन वर्षे लोटली आणि तिच्याविषयी भूतकाळात, पण कर्ता म्हणून, बोलू शकणारी माणसे वयोवृद्ध होत चालली आहेत.

निराश झालेल्या जुन्या वाचकाला पूर्वीचे दिवस परत मिळणार नाहीत, आणि सारेच जुने अंक थोर होते असेही मानण्याचे कारण नाही. त्यांत कंटाळवाणे लेख होते, चुकीची मापे होती, फुशारकीही होती. परंतु ती मापे चुकीची आहेत असे पुढच्या अंकात छापून सांगणारा वाचक त्यांत होता. मासिकाच्या ऱ्हासात हरवतो तो हा वाचक. ज्या साहित्यविचाराला लेखक आणि रसिक या दोनच भूमिका ठाऊक आहेत, त्याला या तिसऱ्या माणसाचे हरवणे दिसत नाही. लेखक आणि रसिक यांच्यामध्ये हातात पटाशी घेऊन बसलेल्या या माणसाने लिहिलेले चार परिच्छेद मराठी गद्याच्या इतिहासात मोजले गेले पाहिजेत.