खोटी कुबडी कोणाची?



गेल्या काही आठवड्यांत वस्तीत, कचेरीत आणि लोकलच्या डब्यात आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकावा लागला. हात पसरणारा आंधळा, पांगळा, मुका खरा की खोटा हे ओळखायचे कसे? आणि खोटा निघाला तर त्याचे करायचे काय? विचारणारे सारे कष्टकरी. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी तर स्पष्टच सांगितले, "दादा, मी दहा रुपये देते तेव्हा माझा चहा जातो. तो कोणी फसवून नेला तर जिवाला लागतं." मावशींचे खरे आहे. बंगलेवाल्याचे दहा रुपये आणि मावशींचे दहा रुपये एक नव्हेत.

फसवणूक होते यात शंका नाही. लुंगीत पाय दुमडून चाकाच्या फळीवर बसणारा, सदऱ्याच्या आत हात लपवून रिकामी बाही लोंबू देणारा, पट्टीवर लाल औषध ओतून जखम दाखवणारा, हे सोंग मुंबईत कोणी पाहिले नाही? दुपारच्या सुट्टीत कचेऱ्यांमधून फिरणारा आणखी एक प्रकार असतो. कपडे नीटनेटके, गळ्यात प्लास्टिकमध्ये घातलेले कार्ड, त्यावर 'मी मुका-बहिरा आहे', आणि हातात देणगीदारांची वही. वहीत वरची दहा नावे पाचशे-पाचशे रुपयांची, आणि सगळी एकाच हस्ताक्षरात! आमची हयात खतावणीत गेली, अशी वही आम्हाला लांबूनच कळते.

परंतु आमचे म्हणणे असे की हे सगळे खोटे एका तागडीत तोलू नयेत. एक खोटा पोटासाठी सोंग करतो. दुसरा दुसऱ्याला भिकेला बसवून त्याची कमाई खातो. आणि तिसरा पावतीपुस्तक किंवा सरकारी दाखला घेऊन येतो, खुर्चीवर बसतो, चहा पितो. आपला राग मात्र नेमका उलटा चालतो. पहिल्याला आपण चोप देतो, दुसरा आपल्याला दिसत नाही आणि तिसऱ्याला नमस्कार करतो.

पहिल्याचा विचार करून पाहा. धडधाकट माणसाने "भूक लागली आहे" म्हटले की आपण म्हणतो, "हातपाय आहेत ना? काम कर." नाक्यावर तो सकाळी सातपासून उभा असतो आणि काम मिळालेले नसते, हे आपण विचारत नाही. त्याच माणसाने पाय बांधला की नाणे पडते. म्हणजे सोंगाचा धडा त्याला आपणच दिला. आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. त्याला पैसे द्यायचे नसतील तर देऊ नका, पुढे चला. पण त्याची लुंगी फेडून, चार लोक जमवून, मोबाइलवर चित्रण करून तमाशा करणारे तरुण आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांत आपलीही पोरे असतात. हे बंद झाले पाहिजे.

जमावाच्या हातात संशय दिला की काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव भिक्षा मागून जगणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा, एवढेच कारण! तेथे अपंगत्वाचा प्रश्न नव्हता. पण 'हा तो नव्हेच' असा संशय आणि मागून खाणारा गरीब माणूस हे दोन्ही तेथे होतेच. मारणाऱ्या बहुतेकांना आपण समाजाचे रक्षण करतो आहोत असेच वाटले असणार.

शिवाय आपली परीक्षा चुकण्याचा संभव फार मोठा. पांढरी काठी घेतलेला माणूस नोट डोळ्याजवळ नेऊन पाहतो म्हणून तो ढोंगी ठरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल तो अंध. म्हणजे निकोप डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसते ते त्याला तीन मीटरवर आणले तरी नीट दिसत नाही. कोणाची नजर मधे शाबूत आणि बाजूने बंद असते. तो समोरची पाटी वाचील आणि पायाजवळच्या दगडाला ठेचकाळेल. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यांतले कित्येक बाहेरून दिसतसुद्धा नाहीत. (सरकार आता 'दिव्यांग' म्हणते. आमच्या परिचयाचे एक अपंग कार्यकर्ते म्हणतात, नाव काहीही द्या साहेब, दाखला वेळेवर द्या.)

आमच्या वस्तीत एक बिगारी काम करणारे भाऊ आहेत. स्लॅबवरून पडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. पुढे त्यांनी जयपूर फूट बसवून घेतला आणि इतका सराव केला की पँट घातल्यावर चालीत थोडा हिसका तेवढा दिसतो. कोणालाही कौतुक वाटावे अशी गोष्ट. पण लोकलच्या अपंगांच्या डब्यात चढले की हेच कौतुक त्यांच्या मुळावर येते. "ए, कार्ड दाखव. कार्डं काय, पैसे देऊन मिळतात. पँट वर कर." भरल्या डब्यात, बायामाणसांसमोर भाऊंनी पँट वर करून पाय दाखवायचा! एकदा नव्हे, महिन्यातून दोन-तीनदा. ते आम्हाला म्हणाले, "दादा, पाय गेला तेव्हा रडलो नाही, पण हे नको वाटतं." ज्यांनी बोगस कार्डे काढून त्या डब्यातल्या जागा बळकावल्या, त्यांनी भाऊंवर ही पाळी आणली. हे दुःख आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको. बोगस जातीचा दाखला काढून कोणी आपली जागा खातो, आणि पडताळणीच्या दारात खेटे मात्र आपल्या खऱ्या मुलांना घालावे लागतात.

म्हणून आमचा रोख तिसऱ्यावर आहे. २०२३ च्या सुरुवातीला बीड जिल्हा परिषदेने बदलीत सवलत घेणाऱ्या शिक्षकांची फेरतपासणी करविली, तेव्हा दाखल्यातील टक्केवारी जुळेना आणि कित्येकांना निलंबित केले गेले. हे शिकले-सवरलेले, पगारदार लोक! २०१६ च्या कायद्याचे कलम ९१ अशांसाठीच आहे. अपंगांसाठीचा लाभ लबाडीने घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कचेरीत, शाळेत, सोसायटीत असा दाखला ठाऊक असेल तर लेखी तक्रार करावी आणि पोचपावती घ्यावी. सिग्नलवरच्या भुकेल्यावर हात उचलण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण हा माणूस आपला साहेबही असू शकतो.

पावतीपुस्तकवाल्यांचे काय करावे हे आमच्या महिला मंडळाच्या ताईंनी दाखवून दिले. दिवाळीच्या आधी दोघे तरुण अंध मुलांच्या वसतिगृहासाठी मदत मागत आले. एका ताईंनी पाणी दिले आणि विचारले, "वसतिगृह कुठं आहे, दादा? आम्ही बाया रविवारी येतो. तांदूळ, डाळ, तेल जमा करून पोरांना हातानं वाढतो." त्यावर, धान्य नको, रोख हवे. बरे, पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक कुठे आहे? तो छापायचा राहिला. अध्यक्षांचा फोन लावा. तो लागेना. पाच मिनिटांत पाहुणे पुढच्या गल्लीत न जाता थेट रिक्षात बसले! कोणी ओरडले नाही, कोणी कॉलर धरली नाही. ट्रस्ट असेल तर त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे सापडते. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी जमवायची तर कलम ४१ क खाली परवानगी लागते, गणपती मंडळेही ती घेतात. कागद मागण्यात अपमान कसला?

दुसऱ्या प्रकाराबाबत एकच सांगतो. लहान मूल, विशेषतः जखमी किंवा गुंगीत असलेले मूल, कोणाच्या मांडीवर ठेवून भीक मागितली जात असेल तर पैसे टाकू नका आणि स्वतः मूल ओढायलाही जाऊ नका. १०९८ किंवा ११२ ला फोन करा, गाडीत असाल तर १३९ ला. डब्याचा, स्थानकाचा तपशील सांगा. मुलाला भिकेसाठी पळवणे किंवा लुळेपांगळे करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ खाली मोठा गुन्हा आहे. लुळेपांगळे करणाऱ्याला किमान वीस वर्षे कैद आहे.

आता मावशींच्या दहा रुपयांचे. ते कोणाला द्यायचे हे त्यांनीच ठरवावे. मात्र आपल्या वस्तीत किती अपंग दाखल्यावाचून घरात बसून आहेत, याची मोजणी आमच्या मुलांनी केली तेव्हा पहिल्या दोन गल्ल्यांतच अकरा जण निघाले. कोणाला मजुरी बुडवून सरकारी इस्पितळात दोनदा जाणे परवडले नाही, कोणाला संगणकावरचा अर्ज जमला नाही. दाखला नाही म्हणून एसटीची सवलत नाही, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे नाहीत. येत्या रविवारी सकाळी दहापासून विहाराच्या ओट्यावर आमची मुले मोबाइल घेऊन युडीआयडी कार्डाचे अर्ज भरायला बसतील. आधार कार्ड, एक फोटो आणि दवाखान्याचे असतील ते जुने कागद आणावेत. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या घरच्यांनी शनिवारी सांगून ठेवावे, रिक्षा पाठवू. रिक्षाचे पैसे मावशींनी आणि त्यांच्याबरोबरच्या बायांनी आधीच जमा केले आहेत.