आधी पत्रिका जुळवा!

चिरंजीवांच्या नायट्रो ट्रकचं अडीच सीसीचं इंजिन थकलं, आणि स्थळं सुचवावीत तसे सल्ले सुरू झाले. "साडेतीनचंच घ्या हो!" घेतलं. शाफ्ट क्लचला बसेना, सायलेन्सरचं तोंड भलतीकडे. पैसे गेले, पोरगं रुसलं.

तेव्हा माझं स्पष्ट मत : आधी शाफ्ट, बैठक, धुराची दिशा जुळवा, ताकदीचं मग बघू. गिअरच्या दात्यांत कागदाची पट्टी धरून तेवढीच फट राखा. वंगण इंधनातूनच मिळतं, म्हणून सुई सैल ठेवून पहिल्या चार-पाच टाक्या सबुरीनं जाळा. नवं इंजिन पहिल्याच दिवशी पिटाळणारा माणूस नव्या सुनेलाही उंबऱ्यावरूनच पुरणपोळ्या लाटायला धाडील!